पास की नापास?

बँकेच्या नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'पास' या शब्दाची नवलाई उरत नाही. आमच्याकडे सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी ते खाली येईपर्यंत पासच चालू असतं. चेक पास होतो, व्हाउचर पास होतं, कर्ज पास होतं (निदान होईल असं सांगितलं जातं) आणि या सगळ्याचा इतिहास ज्या चोपडीत छापला जातो तिचं नावच मुळी पासबुक. मी स्वतःही बी. कॉम. पास आहे. वर्ग कोणता ते विचारण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. तेव्हा या शब्दावर चार गोष्टी अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क कुणाला असेल, तर तो आमच्यासारख्या काउंटरमागच्या माणसाला आहे असं माझं नम्र मत आहे.

आजचा विषय मात्र चेकचा नाही, सहलीचा आहे. हल्ली कुठल्याही मोठ्या शहरात जा, तिथे त्या शहराचा पास तुमची वाट पाहत उभा असतो. पॅरिसचा आहे, लंडनचा आहे, न्यूयॉर्कचा आहे, रोम आणि ॲमस्टरडॅमचा आहे. इतकं लांब कशाला, जयपूरला आठ ठिकाणांचं मिळून एक एकत्रित तिकीट आहे आणि आपल्या एस. टी. चा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास तर १९८८ पासून चालत आलाय. तत्त्व सगळीकडे एकच : एकदा पैसे भरा आणि मग काय पाहिजे ते बघा, पाहिजे तितकं बघा. मध्यमवर्गीय मनाला यापेक्षा गोड वाक्य अजून कुणी ऐकवलेलं नाही. 'पाहिजे तितकं' या दोन शब्दांसाठी आपण लोक अमर्यादित थाळीच्या दारात पाऊण तास उभे राहतो आणि आत गेल्यावर वाढप्याशी वैर धरतो.

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीपाळखीचे लोक या पासांची माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे येतात. बँकेतला माणूस म्हणजे हिशेबातला माणूस, असा समाजाचा एक गोड समज आहे. वास्तविक आम्ही दिवसभर हिशेब करतो तो दुसऱ्याच्या पैशांचा. स्वतःच्या पैशांचा हिशेब घरी होतो आणि तो करणारं माणूस वेगळं असतं. पण लोक येतात, पत्रक पुढे करतात आणि म्हणतात, "जरा बघून सांगा हो, परवडतं का?" इतकी पत्रकं वाचून झाल्यावर माझी खात्री पटली आहे की हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा अजून कुणी गंभीरपणे केलेली नाही. ते काम मी अंगावर घेतो.

या वाङ्मयाचा नायक म्हणजे 'पर्यंत' हा शब्द. 'निम्म्यापर्यंत बचत!' 'चाळीस टक्क्यांपर्यंत वाचवा!' आमच्या बँकेच्या जाहिरातीत याचा जुळा भाऊ काम करतो, त्याचं नाव 'पासून'. गृहकर्ज अमुक टक्क्यांपासून. कर्जात 'पासून', बचतीत 'पर्यंत'. या दोन शब्दयोगी अव्ययांवर जगातला निम्मा व्यापार उभा आहे. व्याकरणाच्या मास्तरांनी आम्हाला ही अव्ययं पाठ करायला लावली होती, पण त्यांचा बाजारभाव सांगितला नव्हता.

'पर्यंत' कुठून येतं? पत्रकात जेवढी ठिकाणं आहेत त्या सगळ्यांच्या पूर्ण तिकिटांची बेरीज करायची, त्यातून पासाची किंमत वजा करायची आणि उरेल त्याला बचत म्हणायचं. म्हणजे साडीच्या दुकानात सगळ्या घड्या उलगडून दाखवाव्यात आणि 'ताई, एवढ्या घेतल्या असत्या तर पाच लाख झाले असते, तुम्ही एकच घेतलीत, पावणेपाच लाख वाचले' असं सांगावं, त्यातला प्रकार. जे तुम्ही कधीच विकत घेणार नव्हता, ते न घेतल्याने काही वाचत नसतं. कॉमर्सच्या अभ्यासक्रमात हे वाक्य कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. घरी ते रोज ऐकायला मिळतं.

आता एक खरा हिशेब घेऊ. आमचे साडू २०२४ च्या मे महिन्यात सहकुटुंब पॅरिसला गेले. कुटुंब म्हणजे साडू, मेव्हणी, सोळा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. निघण्याआधी महिनाभर साडू 'पॅरिस म्युझियम पास'ची माहिती घेऊन आमच्या घरी आले. अठ्ठेचाळीस तासांचा पास, त्या वर्षीचा दर बासष्ट युरो. चार माणसं, म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस युरो. युरो तेव्हा साधारण नव्वद रुपयांच्या घरात होता. साडूंनी गुणाकार करूनच आणला होता आणि तो गुणाकार अगदी बरोबर होता. चुकत होती ती फक्त माणसं.

कारण पॅरिसच्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. लूव्र फुकट, ओर्से फुकट, सेंट शापेल फुकट, आर्क द त्रिऑम्फ फुकट. मग दोन मुलांचे पास कशासाठी? एकशे चोवीस युरो, म्हणजे अकरा हजारांवर रुपये, पहिल्याच फटक्यात परत आले. साडूंनी माझ्याकडे पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा आदराने. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आधीच सांगायचं नाही का?" आधी म्हणजे कधी ते मी विचारलं नाही. मेव्हणीशी तारखांवरून वाद घालू नये.

राहिले दोन मोठे. त्यांना जी चार ठिकाणं पाहायची होती त्यांचे त्या वर्षीचे दर असे : लूव्र बावीस युरो, ओर्से सोळा, सेंट शापेल तेरा, आर्क द त्रिऑम्फ सोळा. बेरीज सदुसष्ट. पास बासष्ट. म्हणजे चारही ठिकाणं अठ्ठेचाळीस तासांत पाहिली तर माणशी पाच युरोचा फायदा, दोघांचे दहा, नऊशे रुपये. आणि पाय दुखले, पाऊस आला, नाहीतर मुलांनी हट्ट केला, म्हणून शेवटची कमान राहून गेली तर? मग सुट्या तिकिटांची बेरीज एक्कावन्न, पास बासष्ट, माणशी अकराचा तोटा, दोघांचे बावीस युरो, जवळजवळ दोन हजार रुपये. जिंकलो तर नऊशे, हरलो तर दोन हजार. असा प्रस्ताव कर्जाच्या फायलीत आमच्या मॅनेजरपुढे गेला असता तर त्यांनी चहासुद्धा न विचारता अर्जदाराला जिन्यापर्यंत पोचवला असता.

त्यात कॅलेंडर काढलं तर आणखी मौज. ओर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतं आणि साडू नेमके पाच मे रोजी, रविवारी, तिथे असणार होते. झालं! ओर्सेचे सोळा गेले, चारही ठिकाणं एक्कावन्नात आली. शिवाय ज्यासाठी जग पॅरिसला जातं तो आयफेल टॉवर या पासात नाहीच. मेट्रो पण नाही. नोत्र दामचं चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, पण तिथे आत जायला मुळातच तिकीट लागत नाही. फुकट गोष्टीवर पास काय सूट देणार?

पासावर अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ज्याला दोन दिवसांत सहा-सात संग्रहालयं पचतात, त्याला हा पास नक्की फायद्याचा. तशी माणसं असतात. पंचवीस वर्षांची, पाठीवर एकच पिशवी, पायांत बूट, पोटात एक पाव आणि सोबत कुणी नाही. त्यांनी खुशाल घ्यावा. पण कुटुंब ही वस्तू वेगळी आहे.

पासाच्या गणितात सगळ्यात मोठी फट इथेच आहे. पास 'माणशी' विकला जातो आणि कुटुंब 'माणशी' चालत नाही. घरातली चार माणसं म्हणजे एकाच माणसाच्या चार कार्बन कॉप्या, असं पास धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचं तिकीट निराळं, गुडघे निराळे आणि भुकेची वेळ तर सर्वस्वी निराळी. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. जयपूरला विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर वेगळा आणि बराच कमी दर आहे. कुठे म्हाताऱ्यांना सवलत, कुठे बायकांना. या सगळ्या सवलती आधी वजा करायच्या आणि मग पासाशी तुलना करायची. लोक नेमकं उलटं करतात. आधी पास घेतात आणि दारात गेल्यावर पाटी वाचतात.

आमचंच कुटुंब एस. टी.च्या पासाला लावून बघा. आई शहात्तर वर्षांची. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस. टी. फुकट. सौ.ला २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट. चिरंजीव दहा वर्षांचे, त्यांचं अर्धं. उरलो मी. एस. टी.च्या लेखी आमच्या घरात पूर्ण माणूस मी एकटाच! (हा मुद्दा मी घरी एकदाच काढला. परत काढलेला नाही.) शून्य, अर्धा, अर्धा आणि एक, अशी आमची चार माणसं मिळून दोन तिकिटं होतात. पास मात्र मोठा आणि मूल एवढे दोनच भेद ओळखतो, त्यामुळे तिथे आमची साडेतीन माणसं होतात. दोनांचं काम साडेतिनांत करायचं, तर मग चार दिवसांत गणपतीपुळ्यापासून गोंदियापर्यंत सगळी बसस्थानकं पालथी घालायला हवीत. एकट्याने फिरणाऱ्या पुरुषाला पास झकास आहे. पण एकट्याने फिरण्याची रजा कुठल्या खात्याकडे मागायची हे ज्याने त्याने ठरवावं.

पैशानंतर येतं घड्याळ. काही पास तासांवर चालतात, काही तारखेवर. तासांवरचा पास संध्याकाळी चारला सुरू केला तरी पुढे तेवढे तास मिळतात. तारखेवरचा पास चारला सुरू केलात तर दिवसाचा मोठा हिस्सा पाण्यात. त्यात वार आडवे येतात. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. आपल्याकडे ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी. जगातल्या सगळ्या संग्रहालयांनी एकत्र बसून ठरवल्यासारख्या सुट्ट्या वाटून घेतल्या आहेत, म्हणजे पासवाल्या माणसाला कुठला ना कुठला दरवाजा बंद सापडलाच पाहिजे. 'रांग नाही' असं पत्रकात म्हटलेलं असतं, त्यातही अर्थ शोधावा लागतो. रांग नसते ती तिकिटाच्या खिडकीशी. पिशव्या तपासण्याच्या रांगेत राजा आणि रंक, पासवाला आणि बिनपासवाला, सगळे समान. लूव्रला तर पास असला तरी वेळ आधी राखून ठेवावी लागते. त्या लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीकडे फक्त एक सेकंद पाहिलं तरी पावणेदहा तास लागतात आणि मोनालिसापुढे नुसतं पोचायला किती सेकंद लागतात ते वेगळंच.

पण पासाचा खरा धंदा चालतो तो आपल्या मनात. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला शिकवलं होतं की एकदा खर्च होऊन गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. परीक्षेत हे सगळे लिहितात, मार्क मिळवतात आणि बाहेर येऊन विसरतात. एकदा पास घेतला की माणूस सहलीला आलेला राहत नाही, वसुलीला निघालेला होतो. नदीकाठी बाक आहे, वारा छान आहे, समोर पोरं खेळताहेत, पण बसवत नाही. खिशातला पास टोचत असतो. 'चला, उठा, अजून दोन राहिलेत!' हे वाक्य मी इतक्या सहलींत इतक्या घरांच्या कर्त्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय की ते कुणीतरी पासाच्या मागेच छापलं असावं अशी शंका येते. रजेवर आलेला माणूस पुन्हा ड्यूटीवर लागतो, फरक इतकाच की इथे ओव्हरटाइम मिळत नाही.

आणि जे पाहायचं राहतं त्याचे पैसे जातात कुठे? बँक बरी, असं मी आमच्या धंद्याची बाजू घेऊन म्हणतो. तुमचा पैसा आमच्याकडे दहा वर्षं कुणी न विचारता पडून राहिला तर तो रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. २०१४ पासून त्यासाठी वेगळा निधीच आहे. पण त्यानंतरही तुम्ही किंवा तुमचे वारस कागदपत्रं घेऊन आलात तर तो मागता येतो. पासातलं न पाहिलेलं संग्रहालय असं मागता येत नाही. अठ्ठेचाळीस तास झाले की खातं बंद, वारसांनाही काही नाही.

मग सगळेच पास असे लबाड का? नाही. एक पास मला मनापासून आवडतो आणि गंमत म्हणजे तो पास म्हणून विकतच मिळत नाही. लंडनच्या बसगाड्या आणि भुयारी रेल्वे यांत कार्ड टेकवून चढायचं असतं. दिवसभरात तुम्ही कितीही वेळा चढलात-उतरलात, तरी एका ठरावीक रकमेपुढे त्या दिवशी पैसे कापले जात नाहीत. ही सोय तिथल्या ऑयस्टर कार्डावर २००५ साली आली आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेत साध्या बँकेच्या कार्डावरही मिळते. कमी फिरलात तर कमी, जास्त फिरलात तर मर्यादेइतकेच. सकाळी हॉटेलात बसून कागदावर आकडेमोड नको, पैज नको, वसुली नको. बेरीज यंत्र करतं आणि जे स्वस्त पडेल तेच लावतं. अकरा वर्षांखालची मुलं तर बसमध्ये फुकटच. गिऱ्हाइकाच्या बाजूने चूक काढणारं यंत्र मी बँकेत वीस वर्षांत पाहिलेलं नाही, म्हणून त्याचं अधिक कौतुक. त्यात लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, विज्ञानाचं आणि निसर्गविज्ञानाचं संग्रहालय ही सगळी मोठी घरं फुकट. तिथे कुटुंब घेऊन जाणाऱ्याने आधी फुकटाची यादी करावी. बहुतेकांची सुटी त्या यादीतच संपते आणि पासाची पाळी येत नाही.

तेव्हा विचारायला येणाऱ्यांना मी आता एकच रीत सांगतो. पत्रक उलटं ठेवा. कोऱ्या कागदावर, पास नसता तर तुम्ही पैसे भरून नक्की काय पाहिलं असतं, तेवढंच लिहा. एका दिवसाला मोठी दोन ठिकाणं, त्यावर नाही. प्रत्येकापुढे घरातल्या प्रत्येक माणसाचा खरा दर मांडा, सवलत धरून. बंद वार खोडा, फुकट वार शोधा. बेरीज करा. त्यातून एक ठिकाण राहून जाणार असं समजून ते वजा करा, कारण ते राहतंच. त्यानंतरही पास स्वस्त पडला तर बेलाशक घ्या. दहांतल्या सात-आठ घरांत इथेच पास नापास होतो.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. पण हा हिशेब एका जागी मला अपुरा पडला, तेही सांगायला हवं.

एल. एफ. सी. घेऊन आम्ही जयपूरला गेलो होतो. एल. एफ. सी. ही बँकवाल्यांची चारधाम यात्रा. भाडं बँक देते, बाकी सगळं आपलं. आदल्या रात्री मी वरच्या रीतीने कागद मांडला. एकत्रित तिकिटात आमेर, नाहरगड, जंतरमंतर, हवामहल, अल्बर्ट हॉल असली आठ ठिकाणं, मुदत दोन दिवस. सिटी पॅलेस त्यात नाही, त्याचं वेगळं. आईचे गुडघे धरता आमची चार ठिकाणं होणार होती आणि तेवढ्याला सुटी तिकिटंच बरी पडत होती. मी निकाल दिला, 'नापास'.

सौ.ने कागद पाहिला आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे. पण एकत्रच काढा."

"का?"

"नाहीतर आई प्रत्येक दारात बाहेर बसतील."

मी गप्प झालो. खरं होतं ते. लहानपणापासूनच्या आमच्या सगळ्या सहली मी डोळ्यांपुढे आणल्या आणि त्यांत आई कुठे दिसते ते पाहिलं. ती दाराबाहेरच्या झाडाखाली दिसते. आठ चपला, दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली घेऊन. "तुम्ही जाऊन या, मला काय त्यातलं कळतंय, मी सामान बघते." वडील तिकिटाच्या खिडकीशी "तीन" म्हणायचे, चार कधी म्हणालेच नाहीत, कारण त्यांना म्हणायची वेळच तिने येऊ दिली नाही. आम्ही आत जाऊन तलवारी, तोफा आणि राजांच्या आंघोळीची घंगाळं पाहून यायचो आणि आई विचारायची, "काय होतं रे आत?" आम्ही सांगायचो. अर्धं सांगायचो, कारण भूक लागलेली असायची. एका तिकिटाचे पैसे वाचवून तिने त्यात आम्हाला भेळ दिली असेल, नाहीतर परतीचा टांगा. अशा बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत. सुटं तिकीट त्यांना दर दारात एक संधी देतं, आत न जाण्याची.

आम्ही एकत्रित तिकिटं काढली. हवामहलाच्या दारात आईने नेहमीप्रमाणे कठड्याकडे नजर टाकली. "मी बसते इथे," असं ती म्हणणार एवढ्यात सौ. म्हणाली, "आई, पैसे भरून झालेत हो. आता तुम्ही बसलात तर फुकट जातील." पैसे फुकट जाण्याची भीती गुडघ्यांपेक्षा मोठी असते. आई उठली. आत वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतार आहे, त्यामुळे ती चढलीसुद्धा. १७९९ साली हा महाल बांधला तो राजघराण्यातल्या बायकांना पडद्याआड बसून रस्ता पाहता यावा म्हणून. एकूण नऊशे त्रेपन्न खिडक्या. राण्यांना आत बसून बाहेरचं पाहण्याची सोय होती. आमच्या आईला आयुष्यभर बाहेर बसून आतलं ऐकण्याची. एका खिडकीशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग खाली बोट दाखवून म्हणाली, "ती बाई बघ, सामान घेऊन बसलीय. तिची माणसं आत असतील."

दुसऱ्या दिवशी जंतरमंतरात तर आमच्या वेळापत्रकाचा बोऱ्या वाजला. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दगड-चुन्यात उभं केलेलं ते सगळं गणित. आई रोज पंचांग बघणारी. सत्तावीस मीटर उंचीचं ते सम्राट यंत्र, त्याच्या सावलीवर वेळ कळते, हे गाइडने सांगितलं तेव्हा तिने हातातलं घड्याळ काढून ताडून पाहिलं आणि फरक का आहे म्हणून त्या गाइडची उलटतपासणी घेतली. पुढे बारा राशींची बारा यंत्रं आहेत. घरातल्या प्रत्येकाची रास तिला पाठ. प्रत्येकाच्या यंत्रापाशी जाऊन झालं. माझ्यापाशी झालं, सौ.पाशी झालं, नातवापाशी झालं आणि शेवटी वडिलांच्या राशीच्या यंत्रापाशी ती थोडी जास्त थांबली. दोन तास गेले. चिरंजीव मला कोपराने ढोसत होते, "बाबा, अजून चार राहिलीत!" मी त्याला म्हटलं, "राहू देत."

आठांतली चार राहिली. कागदावर तोटा झाला आणि तो होणार हे मला आदल्या रात्रीच ठाऊक होतं. मी डायरीत तो प्रामाणिकपणे मांडलाय. फक्त कुठल्या सदरात घालावा ते ठरत नव्हतं. प्रवासखर्चात बसेना, करमणुकीत बसेना. शेवटी 'जुनी येणी' असं लिहून त्यापुढे रक्कम टाकली. बँकेत जुनी येणी सहसा वसूल होत नाहीत. ही झाली.

म्हणून समीक्षकाचा निकाल असा. पैसे वाचवायला म्हणून पास घेऊ नका. बहुतेक घरांत तो वाचवत नाही आणि वाचवतो तेव्हा पायांकडून वसूल करतो. पण तुमच्याबरोबर दारात बाहेर बसणारं कुणी असेल, तर बेरीज न करता त्या एका माणसाचा पास आधी काढा आणि तो काढल्याचं मोठ्याने सांगा. बाकीच्यांची सुटी तिकिटं चालतील.

साडूंना मी हे सगळं ऐकवलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली आणि पिशवीतून पुढच्या उन्हाळ्याचं पत्रक काढलं. या खेपेला सिंगापूर आहे. सासूबाईंनाही नेणार आहेत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलंय : 'पन्नास टक्क्यांपर्यंत!'